पावसाळ्यातला जरबेरा: औषधाआधी हवेचं बघा

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न नीट वाचला. आजरा तालुक्यात दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, साधारण सहा हजार जरबेरा, लागवडीला दीड वर्ष झालंय. जून संपेपर्यंत माल चांगला गेला. जुलै लागल्यापासून पाकळ्यांवर बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले, आणि रात्रीच्या गाडीने दादरला पाठवलेला बॉक्स सकाळी आडतदार उघडतो तेव्हा फुलांच्या मध्यभागी करड्या रंगाची लव आलेली असते. पाऊस आत येतो म्हणून बाजूचे पडदे दिवसरात्र बंद आहेत. दर आठवड्याला संध्याकाळी बुरशीनाशक मारताय आणि तीन औषधं बदलून झालीत. आता रोपं विकणारा सांगतोय की हा प्लॉट मोडा आणि बुटकी, भरगच्च पानांची जात लावा, ती दमट हवेत टिकते. तुमचा प्रश्न आहे की चौथं औषध कोणतं घ्यावं, आणि जात बदलावी का.

माझ्या मते आत्ता दोन्ही नको. तुमच्या फुलावर पाणी रोज किती तास राहतं, हा खरा प्रश्न आहे. तो सुटला नाही तर चौथंच काय, सातवं औषधसुद्धा तुम्हाला तारणार नाही. मी मावळात याच हवेत फुलशेती करतो आणि आसपासच्या बऱ्याच पॉलिहाऊसवाल्यांना सल्लाही देतो. जुलै-ऑगस्टमध्ये येणारे निम्म्याहून अधिक फोन याच तक्रारीचे असतात. औषध न बदलता फक्त पडद्यांची आणि पाण्याची वेळ बदलून प्लॉट सावरलेले मी पाहिले आहेत.

आधी रोगाची खात्री करू. तुम्ही सांगितलेली लक्षणं बोट्रायटिसची, म्हणजे करड्या बुरशीची वाटतात. पण फोटोवरून किंवा वर्णनावरून मी शंभर टक्के सांगणार नाही, आणि तुम्हीही कुणाला तसं सांगू देऊ नका. घरी एक चाचणी करा. ठिपके असलेली चारपाच फुलं तोडा. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला कागद घाला, त्यावर फुलं ठेवा, झाकण लावा आणि डबा सावलीत दोन दिवस राहू द्या. ठिपक्यांच्या जागी राखाडी, केसाळ वाढ आली आणि फुंकर मारल्यावर धुरासारखी भुकटी उडाली, तर तो बोट्रायटिसच. काहीच वाढलं नाही तर ते ठिपके फवारणीने भाजल्याचे किंवा फुलकिडीचे असू शकतात, मग पुढचा मार्ग वेगळा. पानांवर पांढरी पावडर असेल तर ती भुरी. तिला पानावर पाणी साठायची गरज नसते, त्यामुळे तिचा हिशोबही निराळा. (डबा पॉलिहाऊसबाहेर उघडा, आत नको.)

बोट्रायटिसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तो निरोगी, जोमदार पानावर सहसा हल्ला करत नाही. आधी तो मेलेल्या नाहीतर मरायला टेकलेल्या भागावर घर करतो. सुकलेली खालची पानं, गळलेल्या पाकळ्या, भाव नाही म्हणून झाडावरच सोडलेली जुनी फुलं, पान ओढताना उरलेला देठाचा खुंट. तिथे त्याचे बीजाणू तयार होतात आणि हवेने ताज्या फुलावर जाऊन बसतात. बसल्यावर रुजायला त्यांना काही तास पाण्याचा पातळ थर किंवा जवळजवळ संपृक्त हवा लागते. तापमान पंधरा ते पंचवीस अंशांच्या दरम्यान असलं की त्याला मानवतं. आजऱ्याचा जुलै म्हणजे नेमकं हेच तापमान. तापमान आपल्या हातात नाही. ओल मात्र बरीचशी हातात आहे, म्हणून सगळा जोर तिथे लावायचा.

आता पडद्यांकडे येऊ, कारण गाडं इथेच अडलंय. तुम्ही म्हणता, बाहेर धो धो पाऊस, हवेत पंच्याण्णव टक्के आर्द्रता, मग ती हवा आत घेऊन फायदा काय? प्रश्न रास्त आहे, आणि जवळजवळ प्रत्येक शेतकरी हाच विचार करून पडदे बंद करतो. पण आकडे मांडून बघा. बाहेरची हवा २२ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरा. २२ अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १९.४ ग्रॅम वाफ धरू शकते, म्हणजे बाहेरच्या हवेत साडेअठरा ग्रॅमच्या आसपास वाफ आहे. ढगाळ दिवसातही पॉलिहाऊसमध्ये हवा चार अंशांनी तापते, म्हणजे २६ होते. २६ अंशाला हवेची वाफ धरायची ताकद साधारण २४.४ ग्रॅम होते. तीच साडेअठरा ग्रॅम वाफ आता जेमतेम शहात्तर टक्के भरते. बाहेर चिंब असलेली हवा आत येऊन किंचित तापली की कोरडी होते आणि फुलावरची ओल उचलून वरच्या व्हेंटमधून, म्हणजे छपरातल्या हवा जायच्या फटीतून, बाहेर नेते. पडदे बंद ठेवलेत तर सहा हजार झाडं पानांतून पाणी सोडतच असतात, माती आणि वाटाही सोडतात, आणि ते पाणी जाणार कुठे? दुपारपर्यंत आतली हवा तुडुंब भरते आणि संध्याकाळी बाहेर गारवा आला की तेच पाणी छपराच्या प्लास्टिक कागदावर, पाइपवर आणि फुलावर उतरतं.

म्हणून पावसातही पडदे उघडे हवेत, पण चारही बाजूंचे नाही. तुमच्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्या बाजूचे पडदे बंद किंवा वरून फक्त हात-दीड हात उघडे ठेवा, पूर्वेकडचे पूर्ण उघडे. वरचा टॉप व्हेंट कधीच झाकू नका. इथे मात्र एक अट आहे. व्हेंटचं तोंड पूर्वेला, म्हणजे वाऱ्याला पाठ करून असेल तरच हे जमतं. वारा छपरावरून जाताना आतली हवा ओढून घेतो आणि पाऊस आत येत नाही. काही ठिकाणी जागेच्या आकारासाठी ठेकेदाराने व्हेंट पश्चिमेला काढलेला असतो. तसं असेल तर पाऊस थेट बेडवर येणार आणि मग व्हेंटबद्दलचा माझा सल्ला बदलेल. डोंगराच्या कुशीत, चारी बाजूंनी झाडी असलेल्या जागेत वाराच नसतो, तिथे नुसते पडदे उघडून भागत नाही आणि पंख्यांचा विचार करावा लागतो. हवा आतल्या आत फिरवणारे छोटे पंखे सिंगल फेजवर चालतात. ते एका दिशेने लावायचे, म्हणजे पूर्ण पॉलिहाऊसमध्ये हवेचा एक फेरा तयार होतो. पानं हलकेच थरथरली पाहिजेत, झुलली म्हणजे वारा जास्त झाला.

दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ कोणती, असं विचाराल तर मी सूर्योदयानंतरचा तास-दीड तास सांगेन. पहाटे फूल, विशेषतः त्याचा मधला जाड भाग, थंडगार असतो. ऊन आलं की हवा भराभर तापते, झाडं पाणी सोडू लागतात, पण फुलाचा गाभा तितक्या लवकर तापत नाही. उबदार ओली हवा थंड फुलावर आली की तिथे दव धरतं. म्हणून पडदे ऊन आल्यावर उघडायचे नाहीत, उजाडायच्या आधी उघडायचे. एखाद्या दिवशी सकाळी सहाला आत जा आणि फुलाच्या मध्यभागी बोटाचं टोक लावा. बोट ओलं झालं तर वेळ लिहा. मग दर अर्ध्या तासाने वेगवेगळ्या बेडवर असंच तपासत राहा आणि बोट कोरडं येतं ती वेळ लिहा. आठवडाभर हे करा. ज्या प्लॉटमध्ये फुलं दहाअकरापर्यंत ओली राहतात तिथे रोग हमखास असतो. तीच वेळ आठ-साडेआठवर आणली की फरक बाजारातल्या बॉक्समध्ये दिसतो. आर्द्रतामापक जरूर घ्या, पण तो दाराजवळच्या खांबावर डोळ्यांच्या उंचीला लावू नका. पानांच्या उंचीवर, मधल्या बेडवर, ऊन लागणार नाही असा टांगा. वर ऐंशी टक्के दाखवत असताना पानांच्या गर्दीत त्यापेक्षा बरीच जास्त ओल असते.

अजून एक खूण बघा. ठिपके असलेली झाडं पाइपच्या किंवा गटरच्या रेषेखाली ओळीने आहेत का? असतील तर वरून थेंब पडतायत. नवा कागद आतून थेंब न धरता पाणी घसरवतो, पण हा गुण काही वर्षांत जातो. गटरची जोडणी गळत असेल तर पाऊस उघडल्या दिवशी सीलंट मारून घ्या, आणि पॉलिहाऊसभोवतीचे चर मोकळे करा. बाहेर पाणी तुंबलं की ते जमिनीतून आत येतं आणि वाटा कायम ओल्या राहतात.

पाणी देण्याबद्दल. पावसाळ्यात उन्हाळ्याचंच वेळापत्रक चालू ठेवणारे खूप जण दिसतात. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, ढगाळ हवेत त्याच्या निम्मंही लागत नाही. वितभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी यायला नको. ड्रिप सकाळी ऊन वर आल्यावर चालू करा आणि दुपारी बारा-एकच्या आत संपवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत बेडचा वरचा थर सुकतो. फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे फवारे) आणि वाटांवर पाणी मारणं पूर्ण बंद. शेडनेट आत ओढलेली असेल तर ती गुंडाळून ठेवा, या दिवसांत उजेड आधीच कमी असतो.

आता तुमची संध्याकाळची फवारणी. उन्हात पान भाजू नये म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी फवारतात, ते बरोबर. पण जुलैत संध्याकाळी सहाला फुलं भिजवली की ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओलीच राहतात. बुरशीला जे हवं तेच आपण टाकी भरभरून देतो. पावसाळ्यात फवारणी सकाळी, दव सुकल्यावर, उघडीप बघून करा, अशी की तासाभरात पान वाळेल. फवारणीनंतर लगेच आत काम करू नका, मजुरांनाही पाठवू नका. लेबलवर दिलेला काळ पाळा आणि फवारताना मास्क, हातमोजे घाला. बंदिस्त जागेत औषध जास्त वेळ हवेत राहतं.

तुम्ही लिहिलेली तीन औषधं मी ब्रँड बाजूला ठेवून तांत्रिक नावांनी पाहिली. पहिलं कार्बेन्डाझिम. दुसरं थायोफिनेट मिथाइल, जे झाडात गेल्यावर कार्बेन्डाझिमच बनतं. म्हणजे पुडा बदलला, औषध तेच राहिलं. बोट्रायटिसने या गटाला दाद न देण्याचं उदाहरण जगभरात कित्येक दशकं जुनं आहे. तिसरं मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब. यातलं मेटॅलॅक्झिल केवडा, फायटोप्थोरा, पिथियम अशा वेगळ्या वर्गातल्या रोगांवर चालतं, करड्या बुरशीवर नाही. राहिलं मॅन्कोझेब, ते वरून थोडं संरक्षण देतं इतकंच. तेव्हा तुम्ही तीन औषधं वापरलीत असं म्हणण्यापेक्षा, बोट्रायटिसवर नीट चालणारं एकही अजून वापरलेलं नाही असं म्हणावं लागेल. दुकानदाराला दोष देत नाही, पण पुढच्या वेळी पुड्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचूनच घ्या. नेमकं कोणतं आणि किती, हे मी इथून लिहिणार नाही. पिकावरची शिफारस आणि मंजुरी बदलत असते. डब्यातली फुलं घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा आणि तिथल्या रोगशास्त्राच्या माणसाकडून दोन वेगळ्या गटांतली औषधं लिहून घ्या. एक गट सलग दोनदा वापरायचा नाही. पानं आणि जुनी फुलं काढण्याआधी मात्र काहीही मारू नका, ते औषध कचऱ्यावरच जाईल.

सफाईबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच आहे. जुनं पान कात्रीने कापू नका. देठाच्या अगदी मुळाशी धरून बाजूला झटका द्या, म्हणजे खुंट न राहता पूर्ण निघतं. किती पानं काढायची? वरून बघितल्यावर झाडाचा मधला क्राउन (पानं आणि कळ्या जिथून फुटतात तो बुंधा) आणि तिथल्या कोवळ्या कळ्या दिसल्या पाहिजेत, तिथे उजेड आणि वारा पोचला पाहिजे. त्याहून जास्त ओरबाडलंत तर फुलांची संख्या आणि दांड्याची लांबी दोन्ही घटतात. हे काम कोरड्या दिवशी, दुपारच्या आत. काढलेलं सगळं पोत्यात भरून त्याच वेळी बाहेर न्या आणि खड्ड्यात पुरा. दारातच ढीग घातला तर वारा बीजाणू परत आत आणतो. भाव पडला म्हणून फुलं झाडावर सोडायची नाहीत, विकायची नसली तरी ओढून काढायची.

बुटक्या, भरगच्च जातीच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. विक्रेता कदाचित कुंडीतला जरबेरा डोळ्यांसमोर ठेवून बोलत असेल. दमट जागेत झाडाच्या उंचीपेक्षा त्याची ठेवण मोकळी आहे का, हे मोठं. पानं एकमेकांवर चढलेली, क्राउन झाकलेला, अशा झाडाच्या पोटात दव दुपारपर्यंत सुकत नाही. कटफ्लॉवरच्या, म्हणजे दांड्यासकट तोडून विकायच्या फुलांच्या, बाजारात आखूड दांड्याला भावही कमी मिळतो. पुढची लागवड करताना पानं उभट आणि कमी असणारी, दांडा लांब असणारी जात निवडा, आणि नर्सरीवाल्याला सांगा की जास्त पावसाच्या भागात तीच जात लावलेला एखादा प्लॉट ऑगस्टमध्ये दाखव. जानेवारीत सगळ्याच जाती देखण्या दिसतात. सध्याची लागवड दीड वर्षाची आहे, जरबेरा अडीच-तीन वर्षं चालतो. रोगामुळे मोडण्यासारखं तुमच्या वर्णनात मला काही दिसत नाही. अपवाद एकच, त्याबद्दल शेवटी सांगतो.

खताचं थोडक्यात. ढगाळ दिवसांत नत्र जास्त झालं की पान मोठं, लुसलुशीत होतं आणि फुलाची पाकळी नाजूक. नत्र कमी करा, पोटॅश टिकवा. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि हवा भरलेली असली की पानांतून पाणीच उडत नाही, म्हणून जमिनीत असूनही फुलापर्यंत पोचत नाही. हवा खेळती झाली की हेही सुधारतं. कॅल्शियम नायट्रेट ड्रिपमधून देताना सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतांबरोबर एका टाकीत मिसळू नका, साका होऊन ड्रिपर बंद होतात.

फुलं शेतात बरी आणि दादरला खराब, यात पॅकिंगचा वाटा मोठा आहे. भल्या पहाटे तोडणी करा असं सगळीकडे सांगतात, पण पावसाळ्यात फूल कोरडं झाल्याशिवाय तोडू नका, मग नऊ वाजले तरी चालतील. बाहेरच्या दोनतीन फेऱ्यांतले पुंकेसर उघडलेले असावेत. तोडलं की दांड्याचं टोक दोन-तीन सेंटिमीटर कापून क्लोरीनच्या पाण्यात उभं ठेवा, पण फुलाच्या तोंडाला पाणी लागू देऊ नका. शेडमध्ये पंखा लावून दोनेक तास फुलं तशीच राहू द्या, मग पाऊच चढवा. ओल्या फुलावर प्लास्टिकचा पाऊच आणि वर बंद बॉक्स म्हणजे तुम्ही करायची ती डब्याची चाचणीच, फक्त ती रात्रभर गाडीत होते. बॉक्सला दोन्ही बाजूंनी भोकं हवीत. पाकळीवर एखादा ठिपका दिसला तर ते फूल जुडीत घालू नका, ते शेजारची नऊ खराब करतं. कोल्ड रूम वापरणार असाल तर पॅकिंग आतच करा, कारण गार फूल दमट हवेत बाहेर आणलं की त्यावर लगेच पाणी सुटतं.

क्रम सांगायचा तर आज-उद्या डब्याची चाचणी आणि पडद्यांची वेळ. उघडीप मिळताच सफाई. मग तपासून घेतलेलं औषध, सकाळच्या वेळी. ड्रिप आणि पॅकिंगमधला बदल आजपासूनच. जुन्या ठिपक्यांची फुलं आठवडा-दहा दिवस येत राहतील, कारण त्या कळ्यांना लागण आधीच झालेली असेल. त्याने घाबरून परत पडदे बंद करू नका. ज्यांना हे सगळं हाताने करून शिकायचंय त्यांच्यासाठी तळेगाव दाभाड्याच्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत पॉलिहाऊसचं प्रशिक्षण असतं. गणपतीनंतर सवड मिळाली तर जाऊन या.

आता तो अपवाद. काही झाडं भर दुपारी माना टाकतायत आणि पाणी दिलं तरी उठत नाहीत, असं असेल तर त्यातलं एक झाड उपटून क्राउन उभा चिरा. आत काळपट, ओलसर कुजलेलं दिसलं तर ती फायटोप्थोराची क्राउनकुज आहे, आणि वर सांगितलेल्या हवेच्या उपायांनी ती थांबणार नाही. ती झाडं आजूबाजूच्या मातीसकट काढा आणि त्या बेडचं पाणी तात्पुरतं बंद करा. लागवडीत क्राउन मातीखाली गाडला गेलाय का तेही पाहा, तो जमिनीच्या एक-दोन सेंटिमीटर वर असायला हवा. तसं काही आढळलं तर किती बेडवर आहे ते कळवा, आणि त्याचबरोबर टॉप व्हेंटचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिहा. व्हेंट पश्चिमेला असेल तर पडद्यांचं वेळापत्रक वेगळं बसवावं लागेल, ते मी सविस्तर लिहून देतो.